मॅग्डलीनबाय यात्रेला जात नाय

"वाळूत लोळायला मी काय बोंबील हाय?"

असं म्हणून मॅग्डलीन रुमावने लॅपटॉप लेकीकडे परत ढकलला. पडद्यावर निळंशार पाणी होतं, पिठासारखी वाळू होती आणि त्या वाळूत छत्रीखाली दोन गोरी माणसं उताणी पडली होती. लवीनाने ऑफिसातून आल्यावर रोज बसून कॅरिबियनमधली ही रिसॉर्टं शोधली होती. दोह्यातल्या वेस्ट बेच्या एका टॉवरात ती इंजिनियर. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतनं.

"मम्मा, एव्हरीबडी गोज देअर फॉर द बीच."

"जाऊदे एव्हरीबडी. आमसा जन्म आगाशीतला. तिकडं वाळूत आमी बोंबील सुकवायचो, माणसं नाय. समुद्र बघायचा तर इथंच कॉर्निशला जाईन, शेंगदाणे खात बघीन. मला वर जायचंय. डोंगरात. त्या तळ्यावर."

हे तळं मॅग्डलीनच्या डोक्यात शिरलं ते आबिदामुळे. दोघी दोह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात तळघरात काम करतात. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली येतात, त्या धुवायच्या, गुंडाळायच्या आणि माणूस उभा मावेल एवढ्या वाफेच्या यंत्रात भरून निर्जंतुक करायच्या. यंत्राचं दार उघडलं की तोंडावर भपकारा येतो. मॅग्डलीनच्या चष्म्यावर गेली बावीस वर्षं तो भपकारा बसतोय. बाहेर वाळवंटातलं ऊन, आत वाफ. "आमी दोघी इडल्या हाव," असं आबिदा म्हणते. ती श्रीवर्धनची. तिची बोली रायगडची, मॅग्डलीनची वसईची, आणि डबे खाताना दोन्ही बोली एकमेकींच्या ताटात हात घालतात.

अशाच एका जेवणाच्या सुट्टीत आबिदाने मोबाईल पुढे केला होता. "ए मॅगी, हा बघ. आपला यंत्र कुणी डोंगरावर नेऊन ठेवलाय."

डॉमिनिका नावाच्या बेटावरचं तळं होतं ते. चहूकडे हिरवे कडे, मध्ये राखाडी पाणी, आणि ते पाणी मधोमध खदखदा उकळतंय. वाफेचे लोट कड्यावरनं वर चाललेत. खाली ज्वालामुखी, वरनं पाऊस, आणि हे आपलं उकळत बसलंय, कुणी बघो न बघो. तिथं जायला गाडी नाही, पायवाट. दिवसभराची.

मॅग्डलीनने डब्यातला घास तसाच ठेवला. "बटण कटे हाय याचं?"

"बटण अल्लाकडं हाय," आबिदा म्हणाली.

तेव्हापासून ते तळं तिच्यासोबत घरी यायला लागलं. अल मुंतझातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरताना, इस्त्री करताना, मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ती त्या वाटेचे व्हिडिओ बघायची. लवीनाने आईच्या वाढदिवसाला विचारलं होतं, की मम्मा, आपण दोघी कुठंतरी जाऊ, तू म्हणशील तिथं. पोरीला वाटलं होतं आई म्हणेल दुबई. फार तर सिंगापूर.

आता मॅग्डलीनच्या सुट्टीचा इतिहास सांगायला हवा, नाहीतर या हट्टाची चव कळायची नाही.

आखातात राहणाऱ्याला वर्षाची सुट्टी मिळते ती कागदावर त्याची असते. मॅग्डलीनची एक सुट्टी सासूच्या मोतीबिंदूला गेली. एक घराच्या स्लॅबला. एक दिराच्या आजारपणाला, आणि बाकीच्या लग्नांना, बारशांना, मेच्या उन्हात मांडवाखाली. नवरा आयव्हन असताना दोघं जायची. नऊ वर्षांपूर्वी तो गेला तेव्हाची सुट्टी त्याच्या मातीला. विमानतळावर बॅग वजनाला ठेवली की तीत दूधपावडर, ब्लँकेटं, अत्तरं, कुणाच्या पोराचे बूट, कुणाच्या आईची बीपीची मशीन. तिचे स्वतःचे दोन गाऊन कोपऱ्यात मावले तर मावले. दोह्यातल्या वसईकरांचा रिवाजच तो. चर्चमधल्या शुक्रवारच्या मिस्सानंतर "कोण चाललंय गावाला?" असं विचारलं जातं, आणि जो चालला त्याची बॅग सगळ्यांची होते.

तिने कधी नाही म्हटलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी ॲड्रियनच्या लग्नात एक गोष्ट घडली. ॲड्रियन थोरल्या जावेचा, आंद्रियाचा मुलगा. लहानपणी मॅग्डलीनच्या मांडीवर हगलेला-मुतलेला पोर. मांडवात त्याला पाटावर बसवलं होतं, बँडवाले पिपाण्या साफ करत होते, आणि बायका रांगेने पुढे होऊन त्याला तेल-हळद लावत होत्या. मॅग्डलीनही रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली, तिने वाटीत बोटं बुडवली, आणि आंद्रियाने तिचं मनगट धरलं. जोरात नाही. पोळीवरचं पीठ झटकावं तसं.

"तू नको गो. तू आत वडे बघ."

बोटांना हळद लागलेलीच होती. ती तशीच आत गेली आणि वडे बघितले. तिथं चुलीपुढे पावलीनआत्या होती, नवऱ्याची थोरली बहीण. तिशीत विधवा झाली तेव्हापासून घरातल्या एकूण एक लग्नाचे वडे तिने तळलेत आणि एकाही पाटावरच्या पोराला तिचं बोट लागलेलं नाही. पावलीनआत्याने मॅग्डलीनच्या बोटांकडे बघितलं, काही न बोलता पदराचा कोपरा पुढे केला. पुसायला. मॅग्डलीनने हळद पुसली नाही. त्याच बोटांनी वडे थापले. त्या दिवशीचे वडे जरा जास्तच पिवळे झाले होते म्हणे.

म्हणून जानेवारीत आंद्रियाचा फोन आला तेव्हा मॅग्डलीनने पहिल्यांदा गॅस बंद केला, मग बोलली.

"मॅगी, आमसा गॅव्हिनची तारीख ठरली. मेचा पहिला रविवार. तू आठवडाभर आधी ये."

"चांगलं झालं. पोरगी कटेची?"

"गासची. तू लवकर ये गो, कामाला हात लागतात."

"हात लागतात, होय?"

आंद्रियाला कळलं की नाही ते देव जाणे. "म्हंजे, घरची माणसं लागतात," ती म्हणाली.

"मी मेमध्ये नाय हो. मी फिरायला चाल्ले."

"कटे?"

"लांब. एका बेटावर. तिकडं एक तळं उकळतं."

"देवा," आंद्रिया म्हणाली, आणि फोन नवऱ्याकडे दिला. नवरा म्हणाला, तब्येत बरी हाय ना तुमची.

इथून पुढे तयारी सुरू झाली, आणि ती मॅग्डलीनने कामावर करतात तशी केली. कुठलं आधी, कुठलं नंतर. मे संपला की तिकडे वादळांचा मोसम येतो, म्हणून त्याआधीच जायला हवं, हे तिने शोधलं. मध्ये ज्या देशात विमान बदलायचं त्याचाही व्हिसा लागतो, तो लवीनाने भरला. रिसॉर्टं खलास. त्याऐवजी डोंगरात लोदा नावाच्या गावी, जिथून तळ्याची वाट सुटते, तिथल्या एका बाईच्या घरात खोली मिळाली. बाईचं नाव ओडेट. केळीची बाग करते, दोन खोल्या पाहुण्यांना देते.

ओडेट लिहीत नसे, मोबाईलवर बोलून पाठवायची. तिचं इंग्रजी झुलतं, मॅग्डलीनचं हॉस्पिटलातलं. पण बागेचं बोलायला लागली की अर्थ आपोआप लागायचा. घरामागे केळी आहेत, पुढे अळू आहे, आम्ही त्याची पानं शिजवतो आणि खालचे कंद उकडतो. उतारावर रताळी. कुंपणाच्या वईला जायफळ. कच्ची केळी उकडून खाल का? आमच्याकडे सकाळी तीच असतात.

मॅग्डलीनने ते पुन्हा लावलं. मग लवीनाला हाक मारली. "ऐक. ही बाय आमसीच वाडी सांगते."

"मम्मा, यू आर क्राइंग."

"कांदा हाय."

कांदा नव्हताच. आगाशीला तिच्या बापाची राजेळी केळीची वाडी होती. पिकलेली केळी सोलून उन्हात मांडायची, फिरवायची, मधासारखी झाली की पानात बांधायची. त्यांची सुकेळी व्हायची. आता त्या वाडीवर सात मजली इमारत उभी आहे आणि तिला नाव दिलंय बनाना हाइट्स. मॅग्डलीनने उलट निरोप पाठवला: मी सुकेळी आणीन, तुम्ही खाऊन सांगा, आणि डोंगरावर केळी कशी उभी राहते ते मला दाखवा, आमची सपाटीची. ओडेट खळखळून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, गुडघे बघून या. वाट चिखलाची आहे. आणि एक सांगते, कधीकधी ढग उतरतात. दिवसभर चालून वर पोचता आणि तळं दिसतच नाही. तरी येणार?

"तरी येणार," मॅग्डलीनने सांगितलं.

गुडघ्यांसाठी तिने बिल्डिंगचा जिना धरला. लिफ्ट चालू असताना नातवंडं खेळवायच्या वयाची बाई डोंगरी बूट घालून जिना चढतेय, उतरतेय, पुन्हा चढतेय, हे बघून इजिप्शियन वॉचमनने काळजीने विचारलं की कुणाचं घर शोधताय का. पार्कात फेऱ्या मारायला आबिदा यायची. एक फेरी झाली की बाकावर बसायची. "मी इथनं दुवा करतंय, तू चाल. यल्ला."

सगळं असं रुळावर आलं असताना फ्रान्सिसभाऊंनी तिच्यावर उपकार केला.

फ्रान्सिस घोन्सालवीस म्हणजे दोह्यातल्या वसईकरांचा खांब. अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये मोठा व्हिला, दाराशी दोन गाड्या, आणि मनाने खरंच चांगला माणूस. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की पहिला फोन त्यांना. दरवर्षी ते यात्रा काढतात, कधी वेलंकनी, कधी आणखी लांब. उपवासकाळातल्या एका शुक्रवारी त्यांच्याकडे प्रार्थनेला सगळे जमले होते. प्रार्थना झाली, चहा फिरायला लागला, आणि फ्रान्सिसभाऊ उठून उभे राहिले.

"एक आनंदाची गोष्ट. आपली मॅग्डलीनबाय मेमध्ये यात्रेला चाल्ली. फार लांब, समुद्रापलीकडं. तवा आपल्या विनंत्या आणि मेणबत्त्या तिच्याकडं द्या."

लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं बहुतेक. टेबलावर बघता बघता ढीग झाला. घड्या घातलेल्या विनंत्या, लांब मेणबत्त्यांचे जुडगे, खोबरेल तेलाची बाटली, कुणाच्या अधू पोरासाठी वाहायला मेणाचा पाय. एक म्हातारी मॅग्डलीनचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या जावयाची दारू सुटूदे म्हणून एक लाव गो."

लवीना आईकडे बघायला लागली. मॅग्डलीनने म्हातारीचा हात दाबला. मग चहाचा कप खाली ठेवला.

"फ्रान्सिसभाऊ, मी यात्रेला जात नाय."

"अगं तिकडं चर्च असतीलच की."

"असतील. रविवार आला तर मिस्साला जाईन. पण मी चर्चसाठी जात नाय. मी तळं बघायला जाते. तिकडची केळी बघायला जाते. मौजेला."

कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं, "एकट्या बाईनी?"

"लेक हाय बरोबर. आणि ह्या मेणबत्त्या मी घेतल्या तर तुमसा मनाशी खोटं होईल. तुमी इथं वाट बघाल, जावयाची दारू कवा सुटते. आणि मी तिकडं चिखलात." तिने म्हातारीकडे बघितलं. "मावशी, तुमसा जावयासाठी मी इथंच लावीन, उद्याच. पण ती बॅग माझी हाय. यंदा तीत फक्त माझं सामान जाईल."

फ्रान्सिसभाऊ तिच्यामागे दारापर्यंत आले. चेहरा लाल झाला होता. हळू आवाजात म्हणाले, "मॅगी, मी तुझ्यासाठी केलं गो. गावाला आंद्रिया काय काय बोलते ते तुला ठाव नाय. दिराघरी लग्न टाकून विधवा बाई मौजेला गेली, असं. यात्रेला गेली म्हटलं की तोंडं बंद होतात. मी तुला आडोसा दिला."

"कळलं मला. तुमी मनानं चांगलेच हाव." ती बुटाची नाडी बांधत होती, जिन्याची सवय म्हणून हल्ली तेच बूट घालायची. "पण आडोसा कशाला लागतो, भाऊ? मी काय उघड्यावर बसले?"

फ्रान्सिसभाऊंना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग राग आला. "तू लय चढली हायस," ते म्हणाले.

"नाय अजून. चढायची हाय."

बातमी वसईला पोचायला कितीसा वेळ. पण पुढच्या रविवारी फोन आला तो आंद्रियाचा नव्हता. गॅव्हिनचा होता. नवऱ्या मुलाचा. लवीना तेव्हा तिकिटं पक्की करायला बसली होती, कारण त्या दिवसापर्यंतच विमानवाले जागा धरून ठेवणार होते. मॅग्डलीनने फोन स्पीकरवर टाकला.

"काकी, मी सगळं ऐकलं. ॲड्रियनदादाच्या वेळचं पण. मला माहीत नव्हतं, शपथ. मी मम्मीशी भांडलो. ती कबूल झाली."

"कशाला कबूल झाली?"

"तू ये. मला पहिली हळद तू लावायची. सगळ्यांसमोर. मम्मी स्वतः वाटी धरेल."

मॅग्डलीनने उजव्या हाताची बोटं अंगठ्याला घासली, एकदा, दोनदा, जणू त्यांना काही लागलं होतं. लवीनाचा हात माउसवरनं उठला. तीन वर्षं आई कशासाठी जळत होती ते तिला माहीत होतं, आणि तेच आता ताटात वाढून आलं होतं. "मम्मा," ती पहिल्यांदा मराठीत म्हणाली, "आपण नंतर जाऊ. तळं कुठं जात नाही."

हे खरंच होतं. तळं कुठं जाणार नव्हतं. पण पुढल्या मेमध्ये कुणाचं तरी लग्न असणार होतं, त्याच्या पुढल्या मेमध्ये बारसं, आणि जिना चढताना डावा गुडघा आताच कुरकुरतो.

"गॅव्हिन," ती म्हणाली, "पावलीनआत्या कटे हाय?"

"इथंच. मागं. कोंबड्यांना घालतेय."

"ती हळद लावणार?"

गॅव्हिन म्हणाला, "ते... तिचं काय विचारलं नाय मी. तुझंच बोललो."

"का माझंच? मी दोह्यातनं येते म्हणून? माझी बॅग भरलेली असते म्हणून?"

"तसं नाय गो काकी."

"तसंच हाय रे. तुला कळत नाय, तुझी चूक नाय. मी आले तर माझ्यासाठी एकदा मोडतील. काकी परदेशची, तिला राग आला, लावूदे. आणि मी विमानात बसले की पुन्हा बायका चुलीपुढं. ऐक, तुला खरंच मोडायचं हाय तर मी नसताना मोड. आत्याला पाटापर्यंत आण. ती येणार नाय, लाजेल, पळेल. तिचा हात धर. तुझ्या मम्मीनं माझा धरला तसा, फक्त दुसऱ्या बाजूला ओढ."

फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत होता. गॅव्हिन म्हणाला, "मम्मी लय बोलेल."

"बोलेल. लग्न तुझं हाय."

"बघतो, काकी."

"बघू नको. कर. नायतर नको करू, पण मला फोटो पाठवताना त्यात खोटं हसू नको." तिचा आवाज जरा मऊ झाला. "पोरगी चांगली हाय ना रे?"

"चांगली हाय."

"मग झालं. माझा आशीर्वाद हाय तुला. तो लावायला वाटी लागत नाय."

फोन ठेवून ती लेकीकडे वळली. "काय बसली तोंडाकडं बघत? दाब ते बटण."

"शुअर, मम्मा?"

"दाब गो. बटण आपल्याकडं हाय तवर दाबावं."

लवीनाने दाबलं.

निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. फ्रान्सिसभाऊ होते, घामाने भिजलेले. लिफ्ट त्या दिवशी खरोखर बंद होती. आत येऊन त्यांनी बॅगेकडे बघितलं. उघडीच होती. पावसाळी जाकिटं, बूट, पानात बांधलेली सुकेळी, गुडघ्याचा पट्टा. दूधपावडर नाही, ब्लँकेट नाही. अर्धी बॅग रिकामी होती आणि मॅग्डलीनने ती तशीच ठेवली होती.

"पाणी देते," ती म्हणाली.

ते पाणी प्यायले. मग खिशातनं एक मेणबत्ती काढली. आखूड, जाडसर, किराणा दुकानातली.

मॅग्डलीनने कमरेवर हात ठेवले. "फ्रान्सिसभाऊ."

"विनंती नाय," ते घाईने म्हणाले. "मी वाचलं, तिकडं डोंगरात पाऊस झाला की लाइट जाते. अंधारात पडशील बिडशील. तवा लाव."

तिने मेणबत्ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग बुटाच्या आत खुपसली, मोज्याच्या बाजूला, आणि बॅगेची चेन ओढली.

"बसा," ती म्हणाली. "मी जरा जिना करून येते. आज दोनदा चढायचा राहिलाय."